ज्येष्ठ नागरिकावर गुन्ह्याचा आरोप आल्यास : कायद्यातील संरक्षण आणि कुटुंबाची जबाबदारी

ज्येष्ठ नागरिक आणि गुन्हेगारी या विषयावरील बहुतेक लेखन ज्येष्ठांची फसवणूक, लूट किंवा छळ यांभोवती फिरते; परंतु साठी ओलांडलेली व्यक्ती स्वतःच आरोपी म्हणून पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात उभी राहते, तेव्हा तिने आणि तिच्या कुटुंबाने नेमके काय करावे याविषयी फारसे मार्गदर्शन उपलब्ध नसते. ही उपेक्षा अधिकृत नोंदींतही दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक वार्षिक अहवालांत प्रौढ बंद्यांची विभागणी १८ ते ३०, ३० ते ५० आणि ५० व त्यापुढील अशा वयोगटांत केली जात आली आहे; त्यामुळे बावन्न वर्षांचा धडधाकट बंदी आणि ब्याऐंशी वर्षांचा अंथरुणाला खिळलेला बंदी एकाच रकान्यात मोजले जातात.

भारतीय न्याय संहिता, २०२३ मध्ये सात वर्षांखालील बालकाच्या कृतीला गुन्हा मानले जात नाही, तसेच सात ते बारा वर्षांच्या बालकाच्या बाबतीत त्याची समज पाहिली जाते. मात्र वयाची अशी कोणतीही वरची मर्यादा कायद्यात नाही. म्हणजेच वृद्धत्वामुळे गुन्हेगारी जबाबदारी संपत नाही, आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे अशा फिर्यादीच्या दृष्टीने ते योग्यही आहे. ज्येष्ठांना मिळणारे संरक्षण प्रामुख्याने प्रक्रियेत, म्हणजे अटक, चौकशी, जामीन, कोठडी आणि सुनावणी कशी व्हावी यासंबंधीच्या नियमांत आहे. हे संरक्षण बहुतांशी आपोआप पदरात पडत नाही. ते योग्य वेळी, लेखी स्वरूपात आणि कागदपत्रांसह मागावे लागते, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने प्रथम लक्षात घ्यावी.

आरोप खरा की बनावट?

गेल्या काही वर्षांत ज्येष्ठांना 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले' किंवा 'तुमचे बँक खाते मनी लाँडरिंगमध्ये वापरले गेले' असे सांगणारे दूरध्वनी येतात, गणवेशातील व्यक्ती व्हिडिओ कॉलवर दिसते, आणि 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचे सांगून घरातील कोणाशीही बोलण्यास मनाई केली जाते. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही कारवाई भारतीय कायद्यात अस्तित्वात नाही. हरियाणातील अंबाला येथील एका ज्येष्ठ दाम्पत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली.

खऱ्या आणि बनावट आरोपातील फरक ओळखण्याच्या काही ठोस खुणा आहेत. पोलीस चौकशीसाठी ज्या नोटिशीने आरोपीला बोलावतात ती व्हॉट्सॲप किंवा तत्सम इलेक्ट्रॉनिक माध्यमातून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सतेंद्र कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. खऱ्या गुन्ह्याला पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा नोंदणी क्रमांक आणि कलमे असतात. शिवाय संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. कोणताही तपास अधिकारी 'पडताळणीसाठी' रक्कम दुसऱ्या खात्यात वळवायला सांगत नाही. असा फोन आल्यास तो तत्काळ बंद करून घरातील व्यक्तीला सांगावे, आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आरोप कोणत्या मार्गाने येतात?

महाराष्ट्रात ज्येष्ठांवरील खऱ्या फौजदारी तक्रारी काही ठरावीक मार्गांनी येताना दिसतात. मुलाच्या वैवाहिक वादात सासू-सासऱ्यांची नावे न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, म्हणजे पूर्वीच्या ४९८-अ खाली, घेतली जातात. शेतीच्या बांधावरून किंवा सामाईक वाटेवरून झालेल्या भांडणात घरातील वडीलधाऱ्यांसह सर्वांवर मारहाणीचा गुन्हा दाखल होतो. बुडालेल्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर प्रतिष्ठेपोटी बसलेले निवृत्त शिक्षक किंवा शेतकरी ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणाऱ्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली आरोपी होतात. मुलाच्या धंद्यासाठी सही करून दिलेला धनादेश वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील तक्रार सही करणाऱ्या वडिलांवर होते. या प्रकारात मागणीची नोटीस मिळाल्यापासून रक्कम भरण्यासाठी १५ दिवसांची मुदत असते, म्हणून ती नोटीस कपाटात ठेवून देणे सर्वांत महागात पडते.

बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पॉक्सो कायदा आरोपीच्या वयाला कोणतीही सवलत देत नाही. अशा प्रसंगी बालकाशी किंवा त्याच्या कुटुंबाशी कोणत्याही मध्यस्थामार्फत संपर्क साधण्याचा प्रयत्न करू नये. तो साक्षीदारावरील दबाव ठरतो, बालकाच्या वेदनेत भर घालतो आणि जामिनाची शक्यताही घालवतो.

वयाची सवलत कोठे आहे आणि कोठे नाही?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्या कलम ३५ च्या उपकलम ७ नुसार, गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी कारावासाची शिक्षा असेल आणि आरोपी दुर्बल किंवा ६० वर्षांवरील असेल, तर पोलीस उपअधीक्षकाच्या, म्हणजे आयुक्तालयाच्या हद्दीत सहायक पोलीस आयुक्ताच्या, किमान दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याला अटक करता येत नाही. येथे 'तीन वर्षांपेक्षा कमी' हे शब्द काटेकोरपणे वाचावे लागतात. साधी दुखापत किंवा साधी धमकी या गुन्ह्यांना हे संरक्षण लागू होते. परंतु कलम ८५ खालील क्रूरतेच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने तो या तरतुदीच्या बाहेर राहतो.

तेथे आधार मिळतो तो अर्नेश कुमार प्रकरणातील २ जुलै २०१४ च्या निकालाचा. या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांनाही अटक होत असल्याची दखल घेतली, आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटकेची आवश्यकता कारणांसह नोंदवल्याशिवाय पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असे निर्देश दिले.

दुसरी तरतूद कलम १७९ मध्ये आहे. तिच्यानुसार ६० वर्षांवरील पुरुष, कोणतीही स्त्री, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना त्यांच्या राहत्या ठिकाणाव्यतिरिक्त अन्यत्र हजर राहण्यास पोलीस भाग पाडू शकत नाहीत. मात्र हे कलम प्रकरणाची माहिती असणाऱ्या व्यक्तींना, म्हणजे प्रामुख्याने साक्षीदारांना बोलावण्यासंबंधी आहे. आरोपी म्हणून कलम ३५ ची नोटीस आल्यावर 'पोलिसांनी घरीच यावे' असा आग्रह धरून गैरहजर राहणे धोक्याचे असते. म्हणून हाती आलेला कागद कोणत्या कलमाखालचा आहे, हे आधी वकिलाकडून समजून घ्यावे.

वयाचा पुरावा हाही दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. ग्रामीण भागातील अनेक ज्येष्ठांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना १ जून अशी लावली गेली, तर आधारपत्रावर अनेकदा वेगळीच तारीख किंवा केवळ जन्मवर्ष असते. जन्मतारीख ठरवण्यासाठी आधारपत्रापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले असल्याने तो दाखला किंवा निवृत्तिवेतनाचा आदेश जवळ असावा.

नोटीस आल्यानंतर

कलम ३५ खालील नोटीस मिळाल्यावर तिचे पालन करणाऱ्या व्यक्तीला, कारणे लेखी नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. त्यामुळे नोटीस टाळणे हाच अटकेला निमंत्रण देण्याचा मार्ग ठरतो. ठरलेल्या दिवशी प्रकृतीमुळे जाणे शक्य नसल्यास वैद्यकीय प्रमाणपत्रासह लेखी अर्ज देऊन दुसरी तारीख मागावी आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोलीस ठाण्याची पोच घ्यावी. आरोप अजामीनपात्र असेल, म्हणजे जामीन देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असेल, आणि अटकेची रास्त भीती असेल, तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो.

चौकशीत आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० चे संरक्षण आहे. मात्र खोटे बोलणे आणि उत्तर देण्यास नम्रपणे नकार देणे यांत मोठे अंतर आहे. तसेच तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घेऊ नये, असे कायदाच सांगतो. पंचनामा किंवा नोटिशीची पोच अशा अन्य कागदांवर सही करावी लागते, परंतु मोतीबिंदूमुळे वाचता येत नसेल तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये. श्रवणयंत्र घरी राहिले, प्रश्न नीट ऐकू आला नाही, आणि अंदाजाने 'हो' म्हटले गेले, तर ते उत्तर तपासाची दिशा बदलू शकते. म्हणून चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी या तीन वस्तू पोलीस ठाण्यात जाताना बरोबर असल्याच पाहिजेत.

अटक झाल्यास पहिले चोवीस तास

अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि ती कोणत्याही परिस्थितीत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हाती पडली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात ठरवले आहे. अटकेची माहिती आरोपीने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला देणे, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही घेणे आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणे ही पोलिसांची कर्तव्ये आहेत. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थिती वगळता अटक करता येत नाही, आणि त्या अपवादासाठीही महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

अटकेनंतर लगेच होणारी वैद्यकीय तपासणी ज्येष्ठांच्या बाबतीत केवळ औपचारिकता म्हणून उरकली जाऊ नये. तपासणाऱ्या डॉक्टरांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, बसवलेला पेसमेकर, झालेल्या शस्त्रक्रिया आणि चालू औषधे यांची माहिती द्यावी व ती अहवालात लिहून घ्यावी; त्या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सुचवलेल्या व्यक्तीला मिळण्याचा अधिकार आहे. इन्सुलिनवर असलेल्या व्यक्तीची एक मात्रा चुकली किंवा मात्रा घेऊन जेवण लांबले, तरी प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून कुटुंबाने औषधे, त्यांच्या वेळा आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांसह तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, आणि दंडाधिकाऱ्यापुढे हजर करताना वकिलामार्फत घरची औषधे व पथ्याचे जेवण देण्याचा आदेश मागावा. आरोपीच्या आरोग्याची वाजवी काळजी घेणे हे त्याला ताब्यात ठेवणाऱ्याचे वैधानिक कर्तव्य आहे.

वकील नेमण्याची ऐपत नसल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात, तेथील लोकअभिरक्षक कार्यालयात किंवा १५१०० या क्रमांकावर त्यासाठी संपर्क साधावा.

जामीन : वयाच्या जोडीला पुरावा

अजामीनपात्र गुन्ह्यांसंबंधीच्या कलम ४८० मध्ये मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांतही बालक, स्त्री, आजारी किंवा दुर्बल व्यक्ती यांना जामीन देण्याची मुभा न्यायालयाला आहे. या यादीत 'वृद्ध' हा शब्द नाही. म्हणून 'अर्जदार ७५ वर्षांचा आहे' एवढ्या वाक्यावर अर्ज उभा राहत नाही. वयामुळे कोणता आजार आहे, त्याला कोणते उपचार लागतात आणि ते कारागृहात का मिळू शकत नाहीत, हे तज्ज्ञाच्या अलीकडील अहवालातून दाखवावे लागते. पैशांच्या अवैध हस्तांतरणविरोधी कायद्यातील जामिनाच्या कठोर अटींतूनही स्त्री, आजारी किंवा दुर्बल व्यक्तीला सूट मिळू शकते, परंतु तेथेही केवळ वय पुरत नाही.

जामीन मंजूर झाला तरी सुटका जामीनदाराअभावी अडते. सातबारा उतारा, घराची करपावती, वेतनचिठ्ठी किंवा ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार आधीच पाहून ठेवावा, आणि तो मिळत नसल्यास रोख जामिनाची परवानगी मागावी. दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याची अट प्रकृतीला झेपणारी नसेल तर ती शिथिल करण्याचा अर्ज करावा. अट परस्पर मोडल्यास जामीन रद्द होऊ शकतो. तपास ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांत पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामिनाचा हक्क निर्माण होतो, परंतु तोही अर्ज करूनच वापरावा लागतो. शिवाय कलम ४७९ नुसार पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कारागृहात काढला असल्यास, मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा अधिक प्रकरणे प्रलंबित असणे हे अपवाद सोडून, त्याची बंधपत्रावर सुटका व्हावी लागते.

प्रकृतीच्या प्रश्नात विलंबाची किंमत काय असते, हे नवी मुंबईतील तळोजा कारागृहातील दोन बंद्यांच्या प्रकरणांतून दिसते. पार्किन्सनच्या आजारामुळे पेला हातात स्थिर धरणे अशक्य झालेल्या वयोवृद्ध जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना नोव्हेंबर २०२० मध्ये पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला. वैद्यकीय जामिनाची सुनावणी चालू असतानाच ५ जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा कधीच झाला नाही. स्वामी यांच्याच खटल्यातील सहआरोपी, वयोवृद्ध कवी वरवरा राव यांना मात्र मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून जामीन दिला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम स्वरूपाचा केला. दैनंदिन गरजेची बाब कितीही क्षुल्लक वाटली, तरी ती पहिल्याच दिवशी लेखी मागणे का आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वर्तनामागे आजार असल्यास

आयुष्यभर सरळ वागलेली व्यक्ती सत्तरीनंतर अचानक दुकानातून वस्तू उचलू लागते, अश्लील बोलते किंवा हिंसक होते, तेव्हा कुटुंबाने लाजेपोटी गप्प न बसता मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांना ग्रासणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात स्मरणशक्ती बरीच शाबूत असूनही संयम आणि सामाजिक भान हरपते. पार्किन्सनवरील काही औषधांमुळे जुगाराचा किंवा लैंगिक वर्तनाचा अनावर आवेग निर्माण होऊ शकतो, तर साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गानेही वृद्धांमध्ये तात्पुरता संभ्रम आणि आक्रमकपणा येऊ शकतो.

कायद्यात येथे दोन वेगळे प्रश्न आहेत. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे आहे हे कळत नव्हते का, हा न्याय संहितेच्या कलम २२ चा प्रश्न असून तो बचाव आरोपीलाच सिद्ध करावा लागतो. केवळ निदानाचा कागद त्याला पुरत नाही. आज खटला समजून घेऊन स्वतःचा बचाव करण्याची क्षमता आहे का, हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ व ३६८ चा प्रश्न आहे. तशी शंका आल्यास न्यायालय वैद्यकीय तपासणी करून घेते, आणि क्षमता नसल्याचे आढळल्यास कार्यवाही तहकूब ठेवू शकते किंवा प्रथमदर्शनी पुरावा नसेल तर आरोपीला मुक्त करू शकते. रुग्णालयात ठेवण्याची गरज नसेल आणि नियमित उपचारांची व देखरेखीची हमी नातेवाइकाने घेतली, तर गुन्हा अजामीनपात्र असतानाही कलम ३६९ खाली सुटका होऊ शकते. म्हणून विसरभोळेपणाची पहिली लक्षणे दिसली तेव्हापासूनचे तपासणीचे सर्व कागद तारखेनुसार जपावेत. गुन्हा दाखल झाल्यानंतर प्रथमच काढलेल्या प्रमाणपत्राकडे न्यायालय साहजिकच साशंकतेने पाहते.

खटल्याची वर्षे

दोषारोपपत्रात आरोपीविरुद्ध पुरेसा आधार नसल्यास साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वीच दोषमुक्तीचा अर्ज करता येतो, आणि त्यासाठी नव्या संहितेने ६० दिवसांची मुदत घातली आहे. तक्रारीत कोणतेही ठोस कृत्य न सांगता कुटुंबातील सर्वांची नावे सरसकट गोवली असतील, तर कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाकडे गुन्हा रद्द करण्याची मागणी करता येते. वैवाहिक वादांत सर्वोच्च न्यायालयाने अशा मोघम आरोपांवर चालणारे खटले वेळोवेळी रद्द केले आहेत.

प्रत्येक तारखेला न्यायालयाचे जिने चढणे शक्य नसल्यास कलम २२८ व ३५५ खाली प्रत्यक्ष हजेरीतून सूट मागता येते, आणि कलम ३५५ नुसार दृक्श्राव्य माध्यमातून राहिलेली उपस्थितीही हजेरीच मानली जाते. सूट मंजूर होण्याआधीच गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते, म्हणून अर्ज त्या त्या तारखेच्या आधी किंवा किमान त्याच दिवशी सकाळी दाखल व्हावा. प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकून पुढील तारीख घरातील एका निश्चित व्यक्तीने पाहत राहावे, आणि वय व आजार यांच्या आधारे सुनावणी लवकर घेण्याचा अर्जही करावा.

निर्णय कोणी घ्यावा?

आरोप ज्येष्ठावर असतो, परंतु निर्णय बहुधा मुले, जावई आणि वकील मिळून घेतात. 'आता या वयात कोर्टाच्या खेपा कशाला, गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे व्हा' हा सल्ला आपुलकीतून दिला जातो, तरी कबुलीमुळे दोषसिद्धीची नोंद होते, हे त्या व्यक्तीला स्पष्ट सांगितले पाहिजे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार निवृत्तीनंतरची चांगली वर्तणूक ही निवृत्तिवेतनाची गृहीत अट असल्याने, गंभीर गुन्ह्यातील दोषसिद्धीचा परिणाम निवृत्त शासकीय कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनावरही होऊ शकतो. याउलट गुन्हा खरोखर घडला असेल आणि त्या व्यक्तीला तो मान्य करायचा असेल, तर बदनामीच्या भीतीने तिला खोटा बचाव घेण्यास भाग पाडणेही तितकेच गैर आहे. प्रथमच दोषी ठरलेल्या व्यक्तीचे वय आणि पूर्ववर्तन पाहून योग्य प्रकरणी तिला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि काही किरकोळ गुन्ह्यांसाठी न्याय संहितेने सामुदायिक सेवेची शिक्षाही आणली आहे.

म्हणून वकिलाशी होणाऱ्या बैठकीत ज्येष्ठ व्यक्तीला बसवावे, आरोप तिच्या भाषेत समजावून सांगावा, काही वेळ तिला वकिलाशी एकटीला बोलू द्यावे, आणि कबुली, तडजोड किंवा लढत यांपैकी जो मार्ग ती समजून उमजून निवडेल त्याला कुटुंबाने साथ द्यावी. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो, हे तत्त्व न्यायालय पाळतेच. घरातही ते पाळले गेले, तर खटल्याचा निकाल काहीही लागो, त्या व्यक्तीचे नागरिक म्हणून असलेले स्थान अबाधित राहील.